‘ते वहीतलं आहे ना, बाई’: हातच्याच्या वजाबाकीत अडकलेल्या एका मुलासोबत बसताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाची एक छात्राध्यापिका ऐरोलीतल्या मराठी शाळेत इंटर्नशिप करते आहे. वर्गाच्या बाईंनी चौथीतला एक मुलगा तिच्याकडे सोपवला आहे, रोज २५ मिनिटं, सहा आठवडे. ५२ − २७ चं उत्तर तो ३५ लिहितो. समजावून सांगितलं की त्या दिवशी बरोबर करतो, दुसऱ्या दिवशी परत ३५. ती विचारते, ‘दहा वेळा समजावलं. आधी पाढे पाठ करून घेऊ का? त्याला लर्निंग डिसॅबिलिटी असेल का? की मलाच शिकवता येत नाही?’

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात असेल तर बाकीचं डोक्यात शिरणार नाही. तुम्हाला शिकवता येतं. सांगितल्यावर त्या दिवशी तो बरोबर सोडवतो, म्हणजे तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतंय. पण त्या बोलण्याच्या खाली जे आधीपासून असायला हवं ते अजून तिथे नाही. म्हणून ते एक रात्रही टिकत नाही. तुमचा खरा प्रश्न ‘वजाबाकी कशी समजावू’ हा नाहीच. ‘हा मुलगा संख्येच्या बाबतीत नेमका कुठे उभा आहे’ हा आहे. आणि ते समजावून कळत नाही, त्याच्याकडून ऐकावं लागतं.

मी ठाण्यात महापालिकेच्या मराठी प्राथमिक शाळांमध्ये २८ वर्षं शिकवलं, बराच काळ तिसरी-चौथीला. आता निवृत्त आहे आणि आठवड्यातले दोन दिवस मुलांना एकेकटं घेऊन बसते. तुमचा मुलगा मी पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. गणित मराठीतून चालतं की सेमी इंग्रजी आहे, घरी कोणती भाषा बोलतात, मधे किती महिने तो गावी होता, फळ्यावरचं त्याला नीट दिसतं का. यातल्या प्रत्येकाने उत्तर थोडं बदलतं.

आता ते ३५. पाचातून दोन गेले तीन, हे बरोबर. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन घालवले, पाच. हा निष्काळजीपणा नाही, नियम आहे. आणि तो नियम त्याला आपणच दिलाय. पहिली-दुसरीत आपण सगळ्या बाया सांगतो, ‘नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची.’ तो तेच करतोय, फक्त संपूर्ण संख्येऐवजी एकेका घरात. १९७८ साली ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या अशा चुका गोळा करून दाखवलं होतं की त्या बेशिस्त नसतात, मूल एखादा चुकीचा नियम इमानदारीने पाळत असतं. मोठ्यातून लहान हा त्यातला अगदी नेहमीचा.

खात्री करायची असेल तर त्याला न टोकता चार उदाहरणं द्या: ६३ − २८, ८१ − ३६, ४० − १७, ५२ − २७. उत्तरं ४५, ५५, ३७, ३५ आली तर नियम तोच. ४० − १७ ला मात्र ३० आलं तर शून्याशी वेगळा घोळ आहे, ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य’. आणि ५२ − २७ ला कधी १५ आलं तर घरी कोणीतरी शिकवतंय असं समजा. जुन्या पिढीतल्या काही जणांची रीत वेगळी आहे. ते वर दहा देतात आणि खालच्या दशकात एक मिळवतात, वरच्या पाचाला हात लावत नाहीत. ती रीतही बरोबर आहे. पण शाळेत पाचाचे चार करायचे आणि घरी आजोबा सांगतात म्हणून खालच्या दोनाचे तीनही करायचे, असं दोन्ही झालं की उत्तर १५ येतं. अशा मुलाला मी एकच रीत ठेवायला सांगते आणि आजोबांना निरोप धाडते. प्रत्येक चुकीच्या उत्तरात मूल कुठे आहे त्याचा पत्ता असतो. लाल पेनाने फुली मारली की तो पत्ता आपल्या हातून जातो.

आता एक प्रसंग सांगते, त्याने माझी शिकवण्याची पद्धत बदलली. वागळे इस्टेटच्या बाजूला एका शाळेत माझ्याकडे तिसरीत एक मुलगा होता. आई संध्याकाळी भाजी घेऊन बसायची, हा सोबत. वहीत त्याचंही ३५च यायचं. एकदा वैतागून मी वही मिटली आणि विचारलं, ‘गिऱ्हाईकाने तुला ५२ रुपये दिले आणि भाजी झाली २७ ची. किती परत देशील?’ तो क्षणात म्हणाला, ‘पंचवीस.’ मी वही उघडून दाखवली, ‘मग हे पस्तीस कसं?’ तो शांतपणे म्हणाला, ‘ते वहीतलं आहे ना, बाई.’

त्याच्या लेखी ती दोन वेगळी गणितं होती, एक खरं आणि एक वहीतलं. वहीतल्याला अर्थ असायचीच गरज नव्हती, बाई सांगतील तसं करायचं एवढंच. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्याच्यासारखे किती जण माझ्या हाताखालून गेले असतील हे आठवायला लागलं. पुढे २०२५ मध्ये नोबेलविजेते अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचं संशोधन ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं, तेव्हा हा मुलगा डोळ्यासमोर उभा राहिला. बाजारातली मुलं तोंडी अवघड हिशेब करत होती आणि कागदावरच्या साध्या गणितात अडत होती. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं उलट, कागदावर जमायचं आणि खरेदी-विक्रीच्या हिशेबात अडायची. दोन्ही बाजूंची जोडणी आपोआप होत नाही. ती जोडणी करणं हेच तुमच्या २५ मिनिटांचं काम.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस शिकवू नका. वही आणू नका. मूठभर चिंचोके, दहाच्या पाच-सहा नोटा आणि रुपयाची वीस-एक नाणी न्या. चिंचोक्यांचा ढीग, साधारण चाळीसेक, त्याच्यासमोर ओता आणि म्हणा, ‘किती असतील?’ आधी अंदाज करू द्या, मग मोजू द्या. तो एकेक मोजतो की दहा-दहाचे ढीग करतो? मोजून झाल्यावर तुमच्या मुठीतले दहा त्यात घाला आणि विचारा, ‘आता किती?’ जो मुलगा पुन्हा एकपासून मोजायला लागतो त्याच्यासाठी दशक अजून जन्मलेलाच नाही. वहीच्या डोक्यावर तो ‘द’ आणि ‘ए’ लिहीत असेल, पण ती त्याच्यासाठी नुसती दोन अक्षरं आहेत. मग ८ + ५ तोंडी विचारा आणि बोटांकडे बघा. आठपासून पुढे मोजतो की दोन्ही हातांची बोटं काढून एकपासून? नंतर ५२ पासून दहा-दहाने मागे यायला सांगा, बावन्न, बेचाळीस, बत्तीस. इथे अडला तर हातच्याची वजाबाकी त्याला समजणं शक्य नाही, तुम्ही कितीही गोड बोललात तरी.

आणि मग संख्यांची नावं. यावर मी जरा थांबणार आहे, कारण मराठीत शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत निम्मा घोळ मला इथे सापडतो, आणि प्रशिक्षणात याबद्दल फार बोललं जात नाही.

‘बावन्न’ हा शब्द कान देऊन ऐका. आधी ‘बा’, म्हणजे दोन, आणि मग ‘वन्न’, म्हणजे पन्नास. कानाला आधी दोन ऐकू येतो आणि हाताने मात्र आधी पाच लिहायचा असतो. मूल कानाचं ऐकतं आणि २५ लिहितं. त्यात ‘एकोण’वाल्या संख्या. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतो, म्हणून ३९ लिहिणारी मुलं मी दरवर्षी पाहिली. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. बरं, हा नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्याण्णवला मोडतो. सात, साठ आणि आठ कानाला इतके जवळ की वर्गात पंख्याच्या आवाजात एकाच्या जागी दुसरा ऐकू येतो. शेजारी हिंदी बोलणारं घर असेल तर तिथे एकोणसाठ म्हणजे ‘उनसठ’. सेमीच्या वर्गात बाई ‘फिफ्टी टू’ म्हणतात, तिथे पन्नास आधी येतो, आणि घरी आई ‘बावन्न’ म्हणते. एवढ्या गर्दीत दहा वर्षांचं मूल ५२ आणि २५ यांच्यात चुकलं तर मला नवल वाटत नाही, चुकलं नाही तर वाटतं.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने ‘एकवीस, बावीस’ या नावांसोबत ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं तेव्हा किती गदारोळ झाला ते तुम्ही लहान असाल तरी ऐकलं असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी कारण हेच सांगितलं होतं, की बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने मुलं अडखळतात. मराठीची नावं मलाही प्रिय आहेत आणि ती जावीत असं मला मुळीच वाटत नाही. पण अडलेल्या मुलासोबत मी पंधरा दिवस दोन्ही नावं एकत्र घेते, ‘पन्नास दोन, म्हणजे बावन्न’. हातात पाच नोटा आणि दोन नाणी असताना म्हणते. पुढे ‘पन्नास दोन’ आपोआप गळून पडतं, बावन्न राहतं आणि आता त्याच्यामागे काहीतरी उभं असतं. तपासायला सहा संख्या तोंडी सांगून लिहून घ्या: बावन्न, एकोणतीस, सदुसष्ट, शहात्तर, एकोणऐंशी, अठरा. आणि उलटही, ६८ आणि ८६ दाखवून कोणती मोठी ते विचारा आणि का ते सांगू द्या. ‘का’चं उत्तर ‘आठ मोठा आहे म्हणून’ एवढंच आलं तर पुढे विचारा, ‘आठ तर दोन्हीकडे आहे.’ त्यानंतर तो जे बोलेल ते शब्दशः डायरीत उतरवा.

आता मुख्य कामाकडे येऊ. हातचा समजावताना आपण म्हणतो, ‘शेजाऱ्याकडून एक उसना घे.’ मी हा शब्द सोडला. उसनं घेतलेलं परत करावं लागतं, आणि मुलं तसं विचारतातही, ‘बाई, परत कधी द्यायचा?’ शिवाय एक मागितला तर दहा कसे येतात? शेजाऱ्याने एक दिला आणि आपल्याकडे दहा झाले, ही मुलाच्या दृष्टीने जादू आहे. जादू पाठ करावी लागते, आणि पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी विसरतं.

त्यापेक्षा आपल्या भाषेने दिलेला शब्द वापरा. गणिताच्या पुस्तकात एककांना आपण ‘सुटे’ म्हणतो आणि दुकानदार म्हणतो ‘सुट्टे नाहीत’. ही एकच गोष्ट आहे. त्याच्या हातात दहाच्या पाच नोटा आणि दोन नाणी द्या. म्हणा, ‘मला सत्तावीस रुपये दे.’ तो दोन नोटा देईल. मग सात नाणी द्यायला जाईल आणि अडेल, कारण नाणी दोनच आहेत. इथे गप्प बसा. मनात वीस अंक मोजा, पण बोलू नका. तो तुमच्याकडे बघेल, नोटेकडे बघेल. बहुतेक मुलं आपणहून म्हणतात, ‘सुट्टे नाहीयेत.’ मग एवढंच विचारा, ‘रिक्षावाल्याकडे सुट्टे नसले तर तुम्ही काय करता?’ ‘दुकानातून नोट मोडून आणतो.’ झालं. एका डब्यात दहा-दहा नाण्यांची बँक ठेवा, त्याने नोट तिथे टाकायची आणि दहा नाणी घ्यायची.

आता त्याच्यासमोर चार नोटा आणि बारा नाणी आहेत, तुम्हाला द्यायच्या दोन नोटा अजून बाजूला काढलेल्या नाहीत असं समजू. इथे जो प्रश्न विचारायचा तो माझ्या दृष्टीने या सगळ्या सहा आठवड्यांतला सर्वांत महत्त्वाचा आहे: ‘नोट मोडल्यावर तुझ्याकडे एकूण किती रुपये झाले?’

कितीतरी मुलं म्हणतात, ‘बेचाळीस.’ काही सगळं मोजायला घेतात. नोट मोडली तरी पैसे तेवढेच राहतात हे मोठ्यांना इतकं उघड वाटतं की आपण ते विचारतच नाही. पण वहीत पाच खोडून चार आणि दोनाचे बारा लिहिताना मुलाच्या मनात ५२ ची ‘४ आणि १२’ अशी कुठली तरी वेगळी, बिघडलेली संख्या झालेली असते. ती तीच संख्या आहे, फक्त मोडलेली, हे हाताला कळल्याशिवाय कागदावर काही लिहू नका. मी या एका प्रश्नावर तीन-तीन दिवस काढलेत, ३४, ६१, ४०, ७५ अशा संख्या मोडून, ‘आता किती?’ न मोजता, न अडखळता ‘तेवढेच ना बाई’ असं उत्तर आलं की पुढे जायचं.

मग लिहिणं. एका हाताने पैसे, दुसऱ्याने पेन्सिल. हाताने जे केलं तेच कागदावर, त्याच क्षणी. नोट डब्यात गेली की पाचावर रेघ आणि वर चार. नाणी आली की दोनावर रेघ आणि बारा. बारातून सात, मग चारातून दोन. तीन-चार दिवसांनी पैसे रुमालाखाली झाका, त्याने आठवून लिहायचं, अडला तर रुमाल उचलून बघायचं. आणखी काही दिवसांनी रुमालाची गरज उरत नाही. यात घाई केली की पुन्हा ३५ येतं, हे मी लिहून देते. आलंच तर रागवू नका, पैसे परत बाहेर काढा.

काही मुलं यापेक्षा वेगळी वाट घेतात. सत्तावीसला तीन मिळवले तीस, विसाने पन्नास, वर दोन, म्हणजे पंचवीस. माझ्या भाजीवाल्या मुलाने तसंच केलं होतं. ही रीत अस्सल आहे, तिला ‘चुकीची पद्धत’ म्हणून खोडू नका. उभ्या मांडणीच्या शेजारी तिला पडताळा म्हणून उभी करा. दोन्हीकडून २५ आलं की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी अजून शाळेत जाते.

पाढ्यांचं विचारलंत. ५२ − २७ ला पाढा कुठेच लागत नाही, त्यामुळे आत्ता नको. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडचा एक मुलगा भागाकारात मागे होता म्हणून मी वर्षभर त्याला रोज उभं करून बारापर्यंत पाढे म्हणून घेतले. ‘सात अठ्ठे छप्पन्न’ तो धडाधड म्हणायचा. गॅदरिंगच्या दिवशी त्याला सांगितलं, प्रत्येकी आठ खुर्च्यांच्या सात रांगा लावल्यात, एकूण किती ते सांग. तो एकेक खुर्चीला हात लावून मोजायला लागला. त्याला वर्षभर उभं केल्याचं मला आजही वाईट वाटतं. पाढे हवेतच, पण रांगा आणि ढीग समजल्यावर. आत्ता याच्यासाठी पाठ व्हायला हव्यात त्या दहाच्या जोड्या, ६ आणि ४, ७ आणि ३, आणि त्यावरून विसाच्या आतल्या वजाबाक्या. बारातून सात? सातला दहापर्यंत तीन, वर दोन, पाच. बोटं वापरली तर वापरू द्या. गरज संपली की मुलं बोटं स्वतःच खाली घेतात.

रोजच्या २५ मिनिटांबद्दल थोडं. समोर बसू नका, शेजारी बसा, म्हणजे कागद दोघांनाही सरळ दिसेल. खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला त्याला उठवू नका, त्या वर्गात कदाचित तोच सगळ्यांत पुढे असेल. व्हरांड्यात बसलात तर दुसरीची मुलं जाताना चिंचोके बघतील आणि चौथीतल्या मुलाच्या मनाला ते लागतं. म्हणून मोठ्या मुलांसाठी मी नोटा-नाणीच पसंत करते, पैशाला कोणी हसत नाही. सुरुवात कालच्या एका उदाहरणाने, काहीही न सांगता. तो विसरलाय की नाही हे तिथेच कळतं, आणि दोन दिवसांपूर्वीचं, मग आठवड्यापूर्वीचं असं परत परत आणलं की टिकतं. शेवटची पाच मिनिटं त्याला बाई होऊ द्या. तो उदाहरण घालेल, तुम्ही मुद्दाम ३५ लिहा. तो चूक पकडून ‘नोट नाही मोडलीत तुम्ही’ म्हणाला की त्या दिवशीचं काम झालं.

‘समजलं का?’ हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर कायम ‘हो बाई’ असतं. ‘कसं केलंस?’ विचारा. आणि उत्तर बरोबर असतानाही विचारा, नाहीतर तुम्ही विचारलंत म्हणजे चुकलं असा अर्थ तो काढेल आणि बरोबर उत्तर खोडेल.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सरावाची गरज पडेल आणि तीच तीच उदाहरणं कंटाळवाणी होतील. तेव्हा मी कापरेकरांना बोलावते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, १९०५ साली डहाणूला जन्मले, माध्यमिक शाळा ठाण्यातच शिकले आणि पुढे देवळालीला शाळामास्तर झाले. ६१७४ या संख्येची गंमत त्यांनी १९४९ मध्ये शोधली: सगळे सारखे नसलेले चार अंक घ्या, त्यांच्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करत राहा, शेवटी ६१७४ च येते. जगभर ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ठाण्यातल्या मुलांना मी आवर्जून सांगते, हा आपल्या गावच्या शाळेत शिकलेला माणूस.

तुमच्या मुलासाठी त्याचं छोटं रूप घ्या. दोन वेगळे अंक, मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ५२ पासून सुरू करा: ५२ − २५ = २७. मग ७२ − २७ = ४५. ५४ − ४५ = ९, ते ०९ लिहायचं. ९० − ०९ = ८१. ८१ − १८ = ६३. ६३ − ३६ = २७. परत सत्तावीस! मुलं ओरडतात. दुसरे अंक घ्या, पुन्हा त्याच चक्रात याल. यातली प्रत्येक वजाबाकी हातच्याची आहे, आणि प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊ येते, त्यामुळे चूक झाली की त्याची त्यालाच कळते, तुम्हाला सांगावं लागत नाही. आणि जे ५२ आणि २५ आजवर त्याला फसवत होते ते आता शेजारी शेजारी उभे असतात. जमलं की तीन अंकी: ३५२ घेतलं तर ५३२ − २३५ = २९७, ९७२ − २७९ = ६९३, ९६३ − ३६९ = ५९४, ९५४ − ४५९ = ४९५, आणि तिथेच मुक्काम. तिन्ही अंक सारखे नसले की झालं, कुठूनही निघा, ४९५ ला पोचाल. मधेच ९९ आलं तर ०९९ लिहायचं. एका मुलीने माझ्याकडे अशा चार पानं वजाबाक्या घरून करून आणल्या, न सांगता.

लर्निंग डिसॅबिलिटीबद्दल: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये गणिताची अक्षमता, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, आहे. ती खरी असते आणि अशा मुलांना मदतीचा हक्क आहे. पण ३५ लिहिण्यावरून ती ठरत नाही, आणि ते ठरवणं तुमचं किंवा माझं काम नाही. आधी साध्या गोष्टी बघा, डोळे, कान, पोटात सकाळी काही गेलंय का, मधल्या वर्षांत शाळा किती बुडली. चार-पाच आठवडे नीट काम करूनही तीन-चार वस्तू न मोजता ओळखता येत नसतील, ६ आणि ९ मधला मोठा कोणता यालाही वेळ लागत असेल, कालचं काहीच शिल्लक राहत नसेल, तर डायरी घेऊन वर्गाच्या बाईंकडे जा आणि त्यांच्यामार्फत मुख्याध्यापक व विशेष शिक्षकांपर्यंत पोचवा. मुलासमोर किंवा त्याच्या आईसमोर तो शब्द उच्चारू नका.

आईला भेटलात तर ‘घरी अभ्यास घ्या’ असंही सांगू नका. कामावरून थकून आलेल्या बाईला ते ओझं होतं आणि राग मुलावर निघतो. तिला म्हणा, रोज त्याला दुकानात पाठवा, परत आलेले पैसे त्यालाच मोजू द्या आणि हिशेब तोंडी विचारा.

तुमच्या कॉलेजचे सर निरीक्षणाला आले की टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, पाच पायऱ्यांचा पाठ शोधतील आणि तुमच्याकडे एक मुलगा, एक डबा आणि नाणी असतील. घाबरू नका, डायरी पुढे करा. रोजच्या तीन ओळी पुरतात: त्याने काय केलं, तो काय म्हणाला, उद्या काय. कोणत्याही टाचणापेक्षा ती जास्त सांगते. आणि सहा आठवड्यांची मुदत मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. ज्याच्याशी गणितात प्रथमच कोणी नीट बोललं त्याला ते माणूस अचानक गायब झालेलं सहन होत नाही. शेवटच्या आठवड्यात त्याच्या वर्गातला एखादा मित्र सोबत बसवा, डबा त्या दोघांच्या ताब्यात द्या आणि डायरी वर्गाच्या बाईंना.

सहा आठवड्यांत हाती किती लागेल? रोज २५ मिनिटं म्हणजे सुट्ट्या वगळून साधारण १२ ते १४ तास. तो दशक ओळखणाऱ्यांतला निघाला तर एवढ्यात हातच्याची वजाबाकी पक्की होईल. ढीग एकेक मोजणाऱ्यांतला निघाला तर कदाचित दशकापर्यंतच पोचाल आणि वहीत अजून ३५ दिसेल. तरीही ते काम पूर्ण झालेलं असेल, कारण पुढच्या बाईंना आता तो कुठे आहे ते माहीत असेल.

उद्या फक्त चिंचोके, नोटा आणि नाणी न्या. तोंडी ‘बावन्न’ सांगून लिहायला लावा, आणि त्याने आधी पाच लिहिला की आधी दोन, ते मला कळवा. तिथून पुढचं आपण ठरवू.